बाळाला खाणं बाधतंय का?

मुलाच्या अंगावर पुरळ दिसलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काल काय खाल्लं होतं?’ आजीला परवाच्या लग्नातलं श्रीखंड आठवतं, आईला शेजारच्यांनी दिलेलं चॉकलेट, आणि तोवर बाबांनी मोबाइलवर ‘अ‍ॅलर्जी टेस्ट’ शोधायला घेतलेली असते. पण खाण्याची ताबडतोब उसळणारी अ‍ॅलर्जी दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहत नाही. ती बहुतेक वेळा काही मिनिटांत दिसते, फार तर दोन तासांत. तेव्हा आठवायचं ते एवढंच, की पुरळ उठण्याआधीच्या दोन तासांत तोंडात काय गेलं. श्रीखंड आणि चॉकलेट बहुधा इथेच निर्दोष सुटतात.

हा लेख साधारण सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे आणि आजी-आजोबांसाठीही, कारण दुपारचं भरवणं पुष्कळ घरांत त्यांच्याच हाती असतं. खरी अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते, तिथे मिनिटंसुद्धा वाया घालवायची नसतात. पण नुसत्या संशयावरून पदार्थ बंद करत सुटलं, तर वाढत्या मुलाच्या ताटातून दूध, अंडं, दाणे, गहू एकेक करून निघून जातं. आपल्याकडे हे दुसरं नुकसान पहिल्यापेक्षा जास्त घरांत होतं, असं माझं मत आहे. त्याची आरडाओरड होत नाही, म्हणून ते लक्षात येत नाही.

अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शरीर शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. पुढच्या वेळी तेच प्रथिन पोटात गेलं की त्वचेतल्या, आतड्यातल्या, श्वासनलिकेतल्या विशिष्ट पेशी हिस्टामिन आणि तशीच इतर रसायनं एकदम सोडतात. म्हणून लक्षणंही एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी दिसतात. अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, मूल तोंड चोळतं, लागोपाठ उलट्या करतं, खोकतं. ‘मागच्या वेळी खाल्लं तेव्हा तर काही झालं नव्हतं’ या वाक्यावर फार विसंबू नका. प्रतिपिंडं तयार व्हायला आधीची एखादी गाठभेट लागतेच, आणि ती नेहमी तुमच्या लक्षात आलेली असेल असं नाही. उलट एखादा पदार्थ मूल आजवर दहा वेळा मजेत खात आलं असेल आणि अकराव्या दिवशी ताप-सर्दीत पुरळ उठलं असेल, तर त्या पदार्थावर आळ घेण्याची घाई नको. खऱ्या अ‍ॅलर्जीत तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की साधारण तोच प्रकार पुन्हा घडतो.

आधी धोक्याचं

अंगावर नुसत्या गांधी आहेत, मूल खेळतंय, श्वास नीट आहे, तर घाबरण्याचं कारण नाही. तोंड पुसा, हात धुवा, तो पदार्थ थांबवा, डॉक्टरांना फोन करा आणि पुढचे काही तास मुलाला नजरेआड होऊ देऊ नका. घरी आमसुलाचं पाणी लावत असाल तर खाजेपुरतं लावा, मात्र ते लावण्यात लक्ष गुंतून श्वासाकडे दुर्लक्ष व्हायला नको.

गोष्ट गंभीर झाली हे ओळखायचं ते श्वासावरून आणि रक्ताभिसरणावरून. आवाज घोगरा होणं, बाळाचं रडणंच बदलल्यासारखं वाटणं, जीभ सुजणं, लाळ गिळता न येणं, सारखा खोकला, छातीतून सूं-सूं आवाज, धाप. किंवा मूल पांढरंफटक पडणं, मलूल होऊन अंग टाकणं, हाक मारली तरी प्रतिसाद न देणं. यातलं एकही लक्षण खाल्ल्यानंतर लगेच दिसलं तर ती अ‍ॅनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी समजावी, अंगावर पुरळ असो वा नसो. पुरळ नाही म्हणून अ‍ॅलर्जी नाही, ही समजूत घातक आहे.

अशा वेळी जीव वाचवणारं औषध एकच, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचं. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या बाळाला नेहमीच्या (एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या) अँप्यूलमधलं ०.१ मिलिलिटर. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर डॉक्टर दुसरी मात्रा देतात. हे आकडे तुम्ही स्वतःहून वापरावेत म्हणून दिलेले नाहीत. औषध किती थोडं लागतं आणि किती लवकर लागतं, हे कळावं म्हणून दिले आहेत. सेटिरिझिनसारखी औषधं खाज आणि पुरळ कमी करतात, घसा सुजणं किंवा रक्तदाब पडणं ती थांबवत नाहीत. एव्हिलसारख्या जुन्या औषधांनी तर झोप येते, आणि मग मूल औषधाने पेंगतंय की अ‍ॅलर्जीने शुद्ध हरपतंय हे समजणं अवघड होतं. घरातली गोळी देऊन ‘बघू या अर्धा तास’ असं म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

१०८ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात हाच क्रमांक चालतो. गाडी हाताशी असेल आणि रुग्णालय जवळ असेल तर वाट न पाहता निघा. मुलाला आडवं ठेवा, पाय थोडे उंच करा. फार धाप असेल तर बसतं ठेवलं तरी चालेल, उलटी होत असेल तर कुशीवर. खांद्यावर उभं धरून जिने उतरत धावायचं नाही, आणि ‘जरा बरं वाटतंय, चालू दे’ असंही करायचं नाही. रक्तदाब पडलेला असताना एकदम उभं करणं धोक्याचं ठरतं. मोठं रुग्णालय लांब असेल, तर ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात लहान मुलांना लसी टोचतात तिथे आधी जा. लसीची रिअ‍ॅक्शन आलीच तर हाताशी असावं म्हणून अशा ठिकाणी अ‍ॅड्रेनालिन ठेवलेलं असतं. बरं वाटल्यावर लगेच घरी परतू नका. काही तासांनी लक्षणं पुन्हा उसळू शकतात, त्यासाठीच डॉक्टर थांबवून घेतात.

परदेशात अशा मुलांच्या दप्तरात पेनसारखी तयार इंजेक्शनं असतात. आपल्याकडे ती सहजी मिळत नाहीत, हे दुर्दैव आहे. ज्या मुलाला एकदा गंभीर त्रास झाला आहे, त्याच्या घरी अँप्यूल आणि एक मिलिलिटरची सिरिंज ठेवावी का, ती कशी भरायची, किती भरायची, हे मुलाच्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष हातात घेऊन शिका. मुलाचं वजन आणि मात्रा कागदावर लिहून घ्या, वजन वाढलं की तो कागद बदला. घरात कुणी मधुमेही असेल तर त्यांची इन्सुलिनची सिरिंज यासाठी वापरू नका. तिच्यावरच्या खुणा इन्सुलिनच्या युनिटच्या असतात आणि सुई मांडीच्या स्नायूपर्यंत पोहोचण्याइतकी लांब नसते. अमेरिका-युरोपातून सुट्टीसाठी नातवंडांना घेऊन येणाऱ्यांनी आपली पेनं पुरेशी आणावीत, इथे मिळतील या भरवशावर राहू नये.

अ‍ॅलर्जीसारखं दिसणारं बरंच काही

लहान मुलांच्या अंगावर उठणाऱ्या पित्ताचं सर्वांत नेहमीचं कारण खाणं नसून विषाणूचा संसर्ग असतो. सर्दी-ताप येतो, गांधी उठतात, एका जागच्या मावळून दुसऱ्या जागी येतात, असं चार-सहा दिवस चालतं. खाण्याच्या अ‍ॅलर्जीचं पित्त सहसा इतके दिवस रेंगाळत नाही. त्याच काळात मुलाला तापाचं किंवा अँटिबायोटिक औषध चालू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कधी दोष औषधाचा असतो आणि शिक्षा अंड्याला होते.

अळूच्या वड्या किंवा सुरण खाऊन घसा खाजला, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते कुणालाही टोचतात. आपल्या आज्या अळूत चिंच घालत आल्या त्या यासाठीच. अननसाने जीभ चुरचुरते, टोमॅटो-संत्र्याचा रस लागला की वर्षाच्या बाळाच्या तोंडाभोवती लाल होतं. रस लागला तिथेच लाली आली, तासाभरात गेली आणि अंगावर दुसरीकडे काही नाही, तर ती बहुधा नाजूक कातडीला झालेली आंबट रसाची जळजळ असते.

किनारपट्टीवरच्या घरांनी आणखी एक प्रकार ध्यानात ठेवावा. बांगडा किंवा कुपा नीट बर्फात राहिला नाही तर जिवाणूंमुळे माशातच हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, अंगावर पुरळ येतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, सगळं हुबेहूब अ‍ॅलर्जीसारखं. फरक असा, की ताटावर बसलेल्या एकाहून जास्त लोकांना तो त्रास होतो. हे विषबाधेचं प्रकरण आहे. उपचार तातडीने घ्यायचेच, पण एवढ्यावरून मुलाला जन्मभर मासे वर्ज्य करायचे नाहीत.

दुधाच्या बाबतीत गोंधळ सर्वांत जास्त आहे. दूध न पचणं आणि दुधाची अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं द्रव्य कमी पडतं आणि पोट फुगतं, जुलाब होतात. लहान बाळांत हे बहुधा मोठ्या जुलाबाच्या आजारानंतर काही दिवसांपुरतं होतं आणि आतडी सावरली की जातं. अ‍ॅलर्जी मात्र दुधातल्या प्रथिनांची असते. इथे शेजारपाजारचा ठरलेला सल्ला असतो, ‘गाईचं सोसत नाही ना, मग शेळीचं द्या.’ कृपा करून देऊ नका. गाईच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहांपैकी नऊ मुलांना शेळीचंही बाधतं. म्हशीच्या दुधाचीही तीच गत. तुपात प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून तेही स्वतःच्या मनाने सुरक्षित धरू नये.

दोन तासांच्या नियमाला अपवाद आहेत आणि ते बाळांमध्येच जास्त सापडतात. अंगावर पिणाऱ्या, एरवी हसऱ्या, वजन वाढत असलेल्या बाळाच्या शीत रक्ताचे धागे दिसले, तर कधी आईच्या आहारातल्या दुधाची प्रथिनं त्याला कारण असतात. इथे स्तनपान थांबवायचं नसतं. गरज वाटली तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ बंद करायला सांगतात, आणि बाळ सुधारलं तर पुन्हा सुरू करून खात्री करून घेतात. ही दुसरी पायरी बहुतेकजणी गाळतात, मग आई वर्षभर दूध-दह्याला मुकते आणि कारण खरंच ते होतं का, हे कुणालाच कळत नाही. दुसरा प्रकार अधिक दांडगा आहे. दूध, पेज किंवा दुसरा एखादा नवा पदार्थ भरवल्यावर एक ते चार तासांनी बाळ एकापाठोपाठ एक उलट्या करतं, पांढरं पडतं, लुळं होतं. पुरळ नसतं, ताप नसतो. तांदळानेसुद्धा हे होऊ शकतं, त्यामुळे ‘नुसती तर पेज दिली होती’ म्हणून संशय झटकू नका. अशा बाळाला सलाइनची गरज पडते, आणि नेहमीच्या अ‍ॅलर्जी तपासण्यांत यांचं काही सापडत नाही.

गव्हाच्या सीलिअ‍ॅक आजाराबद्दल एकच सूचना. वजन वाढत नाही, पोट फुगलेलं, हगवण जुनी, अशी शंका असेल तर तपासणी होईपर्यंत पोळी चालू ठेवा. गहू आधीच बंद केला तर रक्ताची तपासणी चुकीची ‘निगेटिव्ह’ येऊ शकते.

वही, फोटो आणि मग प्रयोगशाळा

अ‍ॅलर्जीच्या निदानात सर्वांत मोलाची गोष्ट कुठल्याही यंत्रातून निघत नाही. ती तुमच्या सांगण्यातून निघते. गांधी उठल्या की आधी फोटो काढा, डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत त्या मावळलेल्या असतात. वहीत लिहा: काय खाल्लं, किती खाल्लं, कच्चं की शिजलेलं, किती मिनिटांनी पहिलं लक्षण दिसलं, कुठे दिसलं, किती वेळ टिकलं, काय औषध दिलं, आधी हा पदार्थ कधी खाल्ला होता, त्या दिवशी ताप किंवा दुसरं औषध चालू होतं का. पाकीटबंद पदार्थ असेल तर पाकीट फेकू नका. ‘खिचडी खाल्ली’ एवढं लिहून भागत नाही. साबुदाण्याची असेल तर तीत दाण्याचं कूट असतं आणि बहुधा तोच खरा आरोपी असतो.

ही माहिती घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते संशयित पदार्थापुरती त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा रक्तातलं त्या पदार्थाचं आयजीई तपासायला सांगतील. त्वचेच्या चाचणीआधी अ‍ॅलर्जीची औषधं काही दिवस थांबवावी लागतात, ते विचारून घ्या. आता शहरोशहरी ज्या ‘शंभर पदार्थांच्या पॅनेल’ तपासण्या पॅकेजमध्ये विकल्या जातात, त्यांबद्दल माझं मत कडक आहे: त्या स्वतःहून करून घेऊ नका. रक्तात आयजीई सापडणं म्हणजे अ‍ॅलर्जी असणं नव्हे. कर्नाटकात झालेल्या एका मोठ्या पाहणीत (२०१६ साली ती प्रसिद्ध झाली) प्रौढांपैकी २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. खाल्ल्यावर त्रास होतो आणि तपासणीही जुळते, असे निघाले १.२ टक्के. बाकीचे सगळे ते पदार्थ खुशाल खात होते. त्याच प्रकल्पात सात ते दहा वर्षांच्या शाळकरी मुलांमध्ये संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जीचं प्रमाण ०.१४ टक्के आढळलं. आता कल्पना करा, अशा मुलाचं पॅनेल केलं आणि वांगं, हरभरा, तांदूळ, केळं यांच्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ छापून आलं. आई घाबरून चारही बंद करते. मूल आधी आजारी नव्हतं, आता कुपोषणाच्या वाटेला लागतं. आयजीजी नावाच्या तपासणीला तर काहीच आधार नाही. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे ते अन्न खाल्लं गेलं आहे, इतकाच त्याचा अर्थ. केसांच्या, कंपनांच्या तपासण्यांची चर्चाच नको.

अगदी खात्री हवी असेल तर रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तो पदार्थ कणाकणाने वाढवत खायला देऊन बघतात. निदानाचा शेवटचा शब्द तोच. हा प्रयोग स्वयंपाकघरात करायचा नाही.

पदार्थ खरोखरच बंद करायचा ठरला तर

तर तो घरातून शोधून काढावा लागतो, आणि मराठी स्वयंपाकघरात दाणे आणि तीळ शोधणं हे मोठंच काम आहे. दाण्याचं कूट कोशिंबिरीत आहे, भरल्या वांग्यात आहे, उपासाच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात आहे. चिक्कीत दाणे असणार हे कुणालाही कळतं, पण रस्सा दाट करायला शेवटी घातलेलं मूठभर कूट पाहुण्या मुलाच्या आईला कसं दिसणार? शेंगदाण्याच्या रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण हल्ली आवडीने आणलं जाणारं लाकडी घाण्याचं तेल तसं नसतं. तीळ तर गोड्या मसाल्यात, बाकरवडीत, चटणीत, चिवड्यात. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर हिंगाची डबी वाचा, बाजारातल्या बांधानी हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं. दुधासाठी पावाच्या आणि बिस्किटांच्या पाकिटावर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’ हे शब्द शोधा.

पाकिटावरच्या मजकुराबद्दल थोडं. आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या २०२०च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे काही अ‍ॅलर्जीकारक घटक वेगळे छापणं बंधनकारक आहे: ग्लूटेनयुक्त धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुका मेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापुढचं सल्फाइट. या यादीत तीळ नाही आणि मोहरीही नाही. तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या घरच्यांनी म्हणून नुसती ‘कंटेन्स’ची ओळ पाहून भागत नाही, घटकांची सगळी यादी वाचावी लागते. मिठाईच्या दुकानातल्या सुट्या बर्फीवर आणि बेकरीतल्या सुट्या नानकटाईवर तर वाचायला काहीच नसतं. एकाच कढईत, एकाच झाऱ्याने सगळं तळलं जातं. गंभीर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी सुटा माल टाळणं हाच मार्ग.

जे काढलं त्याच्या जागी काय आलं, हा प्रश्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठू नका. दूध काढलं तर कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून येणार? नाचणी, राजगिरा, डाळी, अंडी, मासे यांनी मोठ्या मुलाचं बरंचसं भागतं, पण वर्षाच्या आतल्या वरच्या दुधावरच्या बाळाला प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास फॉर्म्युला लागतं. नारळाचं किंवा बदामाचं दूध त्याची जागा घेऊ शकत नाही. दर महिन्याला वजन-उंची मोजा.

अंड्याच्या अ‍ॅलर्जीमुळे लसीकरण चुकवणारी घरंही आहेत. गोवर-रुबेलाची लस अशा मुलांना सुरक्षितपणे देता येते. टोचण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, पण लस टाळू नका.

शाळेत, पाळणाघरात आणि सोसायटीत सांगायला लाजू नका. एका कागदावर मुलाचा फोटो, नाव, वजन, कशाची अ‍ॅलर्जी, काय दिसलं तर काय करायचं आणि दोन फोन नंबर लिहून तो बाईंच्या हातात द्या. सर्वांत अवघड जागा प्रसादाची असते. गणपतीची खिरापत, पंचामृत, संक्रांतीचा तिळगूळ, वाढदिवसाचा केक. ‘देवाचं आहे, एवढ्याशाने काय होतंय’ असं म्हणणाऱ्या मावशींशी तिथे वाद घालू नका. मुलाच्या हाती आधीच फळ किंवा घरचा लाडू देऊन ठेवा. तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वतःलाही सांगता येतं, ‘मला दाणे चालत नाहीत, आईला विचारा.’ ते त्याच्याकडून घोकून घ्या.

उष्टावणापासूनच

ज्यांच्या घरी अजून बाळ लहान आहे त्यांच्यासाठी चांगली बातमी आहे. पूर्वी सांगत, दाणे-अंडी उशिरा द्या, म्हणजे अ‍ॅलर्जी होणार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००० साली, ज्या बाळांना धोका जास्त त्यांना दाणे तीन वर्षांपर्यंत देऊ नका असं सांगितलं होतं आणि २००८मध्ये तो सल्ला मागे घेतला. त्याच सुमारास लंडनच्या गिडियन लॅक यांच्या चमूला एक चमत्कारिक फरक दिसला. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत दाण्यांची अ‍ॅलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांपेक्षा दसपट होती. इस्राएलमध्ये बाळं दाण्याचा बाम्बा नावाचा खुसखुशीत खाऊ पहिल्या वर्षातच खातात. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग केला. अर्ध्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून दाण्याचे पदार्थ नेमाने दिले, अर्ध्यांना दिले नाहीत. २०१५ साली निष्कर्ष आले. पाचव्या वर्षी, न खाणाऱ्यांत सुमारे १७ टक्के मुलांना दाण्यांची अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्यांत सुमारे ३ टक्के.

तेव्हा सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं की वरण-भात, नाचणीच्या जोडीने नीट शिजलेलं अंडं, पेजेत कालवलेलं अगदी बारीक कूट, तिळाचं कूट हेही देऊ लागा. खात असाल तर मासेही द्या. नवा पदार्थ एका वेळी एकच, सकाळी, घरी, बाळ बरं असताना, चमच्याच्या टोकाएवढ्याने सुरुवात करून. दोन-तीन दिवस तोच द्यावा, मग पुढचा. सोसला की आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवावा, एकदा देऊन विसरून जाऊ नये. अख्खे दाणे, काजू, फुटाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, ते श्वासनलिकेत अडकतात. ज्या बाळाला तीव्र इसब आहे, किंवा एखाद्या पदार्थाने आधीच त्रास झालेला आहे, त्याला दाणे आणि अंडं देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

इसबाचा विषय निघालाच आहे तर एक टोचणारी गोष्ट. आपल्याकडे बाळाला साय-डाळीच्या पिठाने चोळून अंघोळ घालतात, दाण्याच्या किंवा तिळाच्या तेलाने मालिश करतात. निरोगी कातडीची गोष्ट वेगळी. पण इसबाने फुटलेल्या, ओल्या कातडीतून अन्नाची प्रथिनं आत शिरली तर शरीर ती शत्रू म्हणून ओळखायला शिकतं, असं आता मानलं जातं. अशा बाळाची कातडी डॉक्टरांनी दिलेल्या साध्या मलमाने मऊ ठेवा, खाण्याच्या वस्तू तिच्यावर चोळू नका. आजीला वाईट वाटेल, तरी सांगा.

दुधाची आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांत शाळेच्या वयापर्यंत ओसरते. बरीच मुलं त्याआधीच, भाजून पक्कं झालेलं दूध-अंडं, म्हणजे केक किंवा बिस्किटातलं, पचवू लागतात. दाण्यांची अ‍ॅलर्जी साधारण पाचांतल्या एका मुलात जाते. मासे, कोळंबी, सुका मेवा यांची सहसा टिकते. म्हणून बंद केलेला पदार्थ घरच्या घरी पुन्हा देऊन पाहू नका, पण दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर मुलाला कायमचं दुधाविना ठेवूही नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढं विचारा, ‘हे पुन्हा कधी तपासायचं?’ आणि ते सांगतील तो महिना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.